अनादि वहिवाट आणि २० मार्च

इतिहासाच्या अफाट पसाऱ्यातून एकाच तारखेला घडलेल्या घटना वेचून त्या एका ओळीत मांडण्याचा छंद आपल्या वर्तमानपत्रांना आणि दिनदर्शिकांना फार दिवसांपासून जडलेला आहे. तो निरुपद्रवी आहे, आणि सकाळच्या चहाबरोबर वाचकाला थोडे विस्मयाचे सुखही देतो. २० मार्च ही तारीख घेतली, तर हॉलंडच्या स्टेट्स जनरलने १६०२ साली याच दिवशी डच ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, १७३९ साली नादिरशहा दिल्लीत शिरला, १८१५ साली एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन पॅरिसच्या राजवाड्यात परतला आणि १८५२ साली हॅरिएट बीचर स्टो या बाईंची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी बोस्टन शहरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, असे आपल्याला एका दमात समजते. त्याच ओळीच्या शेवटी, बहुधा जागा उरली म्हणून, १९२७ साली कुलाबा जिल्ह्यातील महाड या तालुक्याच्या गावी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ही घटनाही येते. व्यापाऱ्यांची सनद, लुटारूची स्वारी, पदच्युत सम्राटाचे पुनरागमन, एक कादंबरी आणि ओंजळभर पाणी यांना एका सूत्रात ओवणारा दुवा काय, हा प्रश्न मात्र दिनविशेष लिहिणारा विचारीत नाही, आणि विचारला तरी तारखेपाशी त्याचे उत्तर नसते.

कारण तारीख ही वस्तू आपण समजतो तितकी एकजिनसी नाही. महाड तालुक्यातच रायगड आहे, आणि रायगडावर ज्या दिवशी शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला त्या दिवसाला किती नावे होती, हे पाहिले म्हणजे याची प्रचीती येते. पंचांगाप्रमाणे तो शके १५९६ च्या आनंदनाम संवत्सरातील ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा दिवस. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या समारंभाला नजराणा घेऊन हजर होता, आणि त्याच्या रोजनिशीप्रमाणे ती ६ जून १६७४ ही तारीख होती. त्याच दिवशी गोव्यातील पोर्तुगीज कारकुनाने कागदावर तारीख घातली असती, तर ती १६ जून झाली असती, कारण पोपच्या आज्ञेने सुधारलेले पंचांग पोर्तुगीजांनी १५८२ सालीच स्वीकारले होते, आणि इंग्रज मात्र धर्मभेदाच्या अभिमानापायी जुन्या ज्यूलियन गणनेला १७५२ पर्यंत चिकटून राहिले. दप्तरखान्यात तर मृग नक्षत्रावर आरंभ होणारे सुहूर सन चालू होते. या सर्वांवर कडी म्हणजे, त्या दिवसापासून छत्रपतींनी स्वतःचाच राज्याभिषेक शक सुरू केला, म्हणजे कालगणनेचा नवा आरंभबिंदूच या तालुक्याच्या डोंगरमाथ्यावर रोवला गेला.

महाडच्या आग्नेयेला, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपुरासही या गुंतागुंतीचा आपला वाटा आहे. तेथे कवींद्र परमानंदाची समाधी दाखवितात. 'शिवभारत' या संस्कृत काव्याच्या या कर्त्याने अफजलखानाच्या वधाचा दिवस शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार असा काळजीपूर्वक नोंदविला. आंबेनळी घाट चढून गेल्यावर समोर येणाऱ्या प्रतापगडावरील त्या घटनेची जी १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख आपण शाळेत पाठ केली, ती जुन्या इंग्रजी गणनेची आहे. आजच्या गणनेने तो दिवस २० नोव्हेंबरला येतो. वर्षाच्या आकड्याविषयीही निश्चिंत राहू नये. आयझॅक न्यूटन वारला तो दिवस लंडनच्या तत्कालीन कागदांत २० मार्च १७२६ असा आढळतो, कारण इंग्रजांचे नवे वर्ष तेव्हा २५ मार्चला लागे. आपल्या हिशेबाने ते साल १७२७ होय, आणि सुधारित गणनेने तारीख ३१ मार्च. म्हणजे महाडच्या तळ्यावर माणसे जमली त्या दिवशी न्यूटनच्या मृत्यूला बरोबर दोनशे वर्षे झाली होती असेही म्हणता येते, आणि झाली नव्हती असेही म्हणता येते. ज्या योगायोगाची मांडणी पंचांग बदलताच मोडते, त्याच्यावर नियतीचा भार टाकणे धोक्याचे आहे.

हीच कसोटी उलट दिशेनेही लावून पाहावी. २० मार्च १९२७ हा दिवस आपल्या पंचांगात कोणता होता? गणित करून पाहिले तर तो शके १८४८ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेचा, म्हणजे तुकाराम बीजेचा दिवस ठरतो. होळी होऊन दोनतीन दिवस झाले होते आणि कोकणात शिमग्याची धामधूम अजून ओसरली नव्हती. देहूच्या ज्या संताच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या असे परंपरा सांगते, त्याच्या वैकुंठगमनाच्या तिथीस महाडात हजारो माणसे पाण्याकडे चालत गेली. आंबेडकरांनी १९२० साली काढलेल्या 'मूकनायक' पत्राच्या शिरोभागी तुकोबांचेच वचन होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा योग नादिरशहा आणि नेपोलियन यांच्या योगापेक्षा किती तरी अर्थपूर्ण वाटतो, आणि तरीही तिथी पाहून परिषद भरविली असे मानण्यास आधार नाही. परिषदेचे दिवस ठरले ते अधिक साध्या कारणाने, असे मानणेच युक्त होईल. १९ मार्चला शनिवार होता आणि २० मार्चला रविवार.

रविवारची सुटी ही गोष्टही आकाशातून पडलेली नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारून अनेक वर्षे झगडा केला, तेव्हा १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी मिळू लागली. कोकणातील घरोघरचे कर्ते पुरुष मुंबईत गिरण्या, गोद्या, रेल्वे आणि पलटणी यांत पोटासाठी पांगलेले असत. अशा लोकांची परिषद भरवायची तर ती सुटीच्या वारीच भरणार. नाताळचा आठवडा तर त्या काळी सार्वजनिक जीवनाचा हंगामच झाला होता. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या २८ डिसेंबरला भरले, आणि पुढे कितीतरी परिषदा त्याच आठवड्यात भरत राहिल्या, याचे कारण सरकारी कचेऱ्यांच्या सुट्यांत सापडते.

काही दिवसांचे साम्य निसर्ग ठरवितो. २००५ च्या जुलैअखेरीस याच तालुक्यात दासगाव आणि जुई येथे दरडी कोसळल्या, २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरील जुना दगडी पूल पुराने वाहून गेला, आणि २०२१ च्या २२ जुलैस तळिये गाव डोंगराखाली गाडले गेले. या तारखा जवळजवळ येतात त्या आषाढ-श्रावणातील पावसामुळे आणि सह्याद्रीच्या उतारांमुळे. १८१८ च्या १० मे रोजी कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे रायगड इंग्रजांच्या हाती गेला, तोही पावसाळा तोंडावर आला असताना, कारण मृगाच्या सरी सुरू झाल्या की या घाटमुलखात तोफा ओढणे अशक्य होते. ३९ वर्षांनी त्याच तारखेस मीरतेच्या छावणीत उठाव झाला, या साम्यात मात्र ऋतूचाही हात शोधण्यात अर्थ नाही.

तेव्हा योगायोगांची ही वर्गवारी मनात ठेवून महाडच्या दप्तराकडे वळावे. कारण तेथे असा एक योगायोग आहे, की ज्याची नोंद दिनविशेषांत क्वचितच होते आणि ज्याच्यावाचून २० मार्चचा अर्थ लागत नाही. तो ४ ऑगस्ट या तारखेचा.

महाड हे सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाजवळ वसलेले जुने बंदर. बाणकोटच्या खाडीतून गलबते दासगावपर्यंत येत आणि तेथून माल घाटावर जाई. पेशवाईच्या उत्तरकाळातही त्याचे नाव दोनदा ठळकपणे येते: १७९६ साली नाना फडणविसांनी येथे बसून आपले प्रसिद्ध कारस्थान रचले, आणि १८०२ साली हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेला दुसरा बाजीराव याच वाटेने पळत पुढे वसईला गेला व तेथे त्याने ३१ डिसेंबर रोजी इंग्रजांशी तह केला. (इंग्रजांच्या कंपनीला राणी एलिझाबेथने सनद दिली तीही ३१ डिसेंबरलाच, १६०० साली, दिनविशेषाच्या शौकिनांनी या जोडीकडे अवश्य लक्ष द्यावे.) या परिसरात सैन्यात चाकरी केलेल्या महार कुटुंबांची वस्ती मोठी होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले आणि त्यांनी अस्पृश्यतेच्या समर्थकांना जाहीर प्रश्न विचारणारे 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक १८८८ साली प्रसिद्ध केले. पुढे त्यांची महाडच्या तालुका लोकलबोर्डावर नेमणूकही झाली. म्हणजे १९२७ चे पाऊल ज्या भुईवर पडले, ती भुई चाळीस वर्षे आधीपासून नांगरली जात होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास मोकळे असावेत, अशी शिफारस त्यात होती, आणि सरकारने पुढच्या महिन्यात आपल्या खात्यांना तदनुरूप हुकूम सोडले. महाडच्या नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या उदारमतवादी पुढाऱ्यांच्या प्रेरणेने, जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, त्याची नोंद झाली, आणि तो कागदावर राहिला. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे होती, मुसलमानांना तेथे पाणी भरण्यास हरकत नव्हती, गुरे पाणी पीत होती. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांतील कोणी मात्र पायऱ्या उतरण्याचे धाडस करू शकले नाही.

ती कोंडी फोडण्यासाठी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास बोलावण्यात आली. रामचंद्र बाबाजी मोरे या दासगावच्या तरुणाने तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. आंबेडकर त्या वेळी ३५ वर्षांचे बॅरिस्टर होते आणि नुकतेच, फेब्रुवारीत, त्यांनी कौन्सिलाचे सरकारनियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली होती. १९ मार्चला परिषदेच्या मंडपात हजारो लोक जमले. ज्या गावात सार्वजनिक तळे पाण्याने भरलेले होते, त्याच गावात या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी श्रोत्यांना मेलेल्या जनावराचे मांस टाकण्याचा, मुलांना शिकविण्याचा आणि वतनाच्या तुकड्यावर विसंबून राहण्याची सवय सोडण्याचा उपदेश केला. दुसऱ्या दिवशी ठराव झाले, आभार मानले गेले, आणि परिषद विसर्जित होण्याच्या बेतात असताना आंबेडकरांचे सहकारी अनंतराव चित्रे उठले व त्यांनी नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी येथून आताच, सर्वांनी मिळून करावी, अशी सूचना मांडली. त्या सूचनेनंतर रांगा लागल्या, आणि महाडच्या बाजारपेठेतून शिस्तीने चाललेला तो समुदाय तळ्यावर पोहोचला. आंबेडकर पायऱ्या उतरले व त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्यामागून इतर उतरले.

पुढचे दोनतीन तास कसे गेले हे सांगताना इतिहासकाराने आपला आवाज चढविण्याचे कारण नाही, घटना पुरेशी स्पष्ट आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी हूल कोणी उठविली, आणि काठ्या घेतलेला जमाव परतीच्या तयारीत असलेल्या, जेवणाला बसलेल्या प्रतिनिधींवर तुटून पडला. अन्न मातीत मिसळले, अनेक जण रक्तबंबाळ झाले, काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आश्रय दिला. आंबेडकर सरकारी बंगल्यात उतरले होते. त्यांच्याभोवती पलटणीत राहून आलेले आणि सूड घेण्यास समर्थ असलेले शेकडो लोक होते. त्यांना त्यांनी हात उचलू दिला नाही. गुन्हेगारांवर खटला झाला, आणि जून १९२७ मध्ये त्यांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी मिळाली. तळ्याचे शुद्धीकरण त्याआधीच झाले होते: पाण्याच्या १०८ घागरी उपसून, दूध, दही, गोमूत्र आणि गोमय यांनी युक्त अशा घागरी मंत्रघोषात परत ओतण्यात आल्या, आणि तळे पुन्हा पवित्र झाल्याचे जाहीर झाले.

३ एप्रिल १९२७ रोजी आंबेडकरांच्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. रायगडावर छत्रपतींचे देहावसान झाल्याची तारीखही, जुन्या गणनेने, ३ एप्रिल १६८० हीच आहे. परंतु वर सांगितलेल्या कारणास्तव या साम्याला नुसती नोंद एवढेच स्थान द्यावे. नोंदीपलीकडचे महत्त्व आहे ते ४ ऑगस्टला. १९२७ च्या ४ ऑगस्टला, म्हणजे बोले यांचा ठराव संमत झाल्याला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. एका ४ ऑगस्टला मुंबईत उघडलेला दरवाजा दुसऱ्या ४ ऑगस्टला महाडात लावून घेतला गेला. सभासदांनी तारीख पाहून हे केले असण्याचा संभव कमीच. पण दप्तरात ही दोन पाने समोरासमोर ठेवली म्हणजे असे दिसते, की कागदी औदार्याला कागदी माघारच पुरेशी असते, आणि माघार घ्यावीशी वाटावी इतके त्या ठरावाला वजन आले ते मधल्या २० मार्चमुळे. जोवर कोणी पायऱ्या उतरले नव्हते तोवर तो ठराव रद्द करण्याची कोणालाही गरज वाटली नव्हती.

आता सत्याग्रहाची दुसरी फेरी अटळ झाली, आणि तिला २५ डिसेंबरचा मुहूर्त निश्चित झाला. नाताळच्या सुटीचा तो रविवार. स्पृश्यांपैकी काहींनी त्याआधी, १२ डिसेंबरला, महाडच्या दिवाणी न्यायालयात फिर्याद गुदरली. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट अनादि कालापासून चालत आली आहे, असे तिचे दोन मुख्य मुद्दे होते. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. तो हाती असतानाच आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले व दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरावर उतरले. तेथे वाट पाहत असलेल्या सत्याग्रहींसह पाच मैल चालून ते महाडास आले. गावात मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाची जमीन मिळाली होती.

त्या दिवशीच्या भाषणात आंबेडकरांनी स्वतःच इतिहासातील एका सभेची आठवण काढली. १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी त्यांनी महाडच्या सभेचे साम्य दाखविले, आणि आपले कार्य पाणी पिण्यापुरते नसून समतेच्या पायावर समाजाची नवी घडी बसविण्याचे आहे, असे प्रतिपादन केले. ऐतिहासिक साम्य कशास म्हणावे याचा हा वस्तुपाठ आहे: तारखांचा येथे काडीचा संबंध नाही, प्रयोजनाचे नाते आहे. त्याच रात्री मंडपासमोर खणलेल्या वेदीत, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडलेल्या ठरावानुसार, मनुस्मृतीचे दहन झाले. पुढच्या दोन दिवसांत साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी तुरुंगात जाण्याच्या तयारीने सत्याग्रही म्हणून नावे नोंदविली. जिल्ह्याचे कलेक्टर हूड सभेत येऊन बोलले. आणि बराच खल झाल्यावर, आपला लढा सरकारशी नाही व दिवाणी न्यायालयाचा हुकूम मोडून सरकारला प्रतिपक्षाच्या बाजूस ढकलण्यात शहाणपण नाही, हे ओळखून आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब केला. नावे दिलेल्या माणसांना हे रुचणे कठीण होते. त्यांनी तळ्याला मिरवणुकीने प्रदक्षिणा घातली आणि ती माणसे शिस्तीने घरोघर परतली.

यानंतरचा प्रवास कचेऱ्यांचा आहे, आणि म्हणूनच बहुधा कथनातून गळतो. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. १९३१ साली महाडच्या न्यायालयात वाद्यांच्या विरुद्ध निकाल लागला. त्यांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपील केले; ते १९३३ साली फेटाळले गेले. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात पोचले, आणि न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी अंतिम निर्णय दिला. तळे नगरपालिकेचे आहे; आणि वादी म्हणतात तशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. २० मार्च १९२७ ला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उरले होते. न्यायालयाने आणखी तीन दिवस घेतले असते, तर दिनविशेषवाल्यांना केवढी मेजवानी मिळाली असती! परंतु प्रत्यक्षात जे घडले ते त्या हुकलेल्या योगायोगापेक्षा अधिक मोलाचे आहे.

'अनादि' या दाव्याचे सामर्थ्य कशात असते, ते पाहावे. त्याला आरंभ नसतो, कर्ता नसतो, साक्षीदार नसतो. आणि आरंभ नसल्यामुळे त्याला अंत असू शकेल ही कल्पनाच मनाला शिवत नाही. गावातली प्रत्येक पिढी मागच्या पिढीकडे बोट दाखविते, आणि शेवटी ते बोट आकाशाकडे वळते. इंग्रजी कायद्याने या धुक्याला फार पूर्वी सीमा घातली होती: १२७५ सालच्या एका कायद्याने, मानवी स्मृतीची कायदेशीर मर्यादा म्हणून राजा पहिला रिचर्ड याच्या राज्याभिषेकाचा दिवस, ३ सप्टेंबर ११८९, ठरविण्यात आला, आणि त्याआधीपासून चालत आलेले तेच अनादि असे मानले गेले. हिंदुस्थानातील न्यायालये ही तारीख शब्दशः लावीत नसत; तथापि केवळ 'पूर्वापार' म्हणून भागत नाही, प्राचीनतेला पुरावा लागतो, हे तत्त्व येथेही लागू होते. महाडच्या वाद्यांना तो पुरावा देता आला नाही. ज्या रूढीने पिढ्यान् पिढ्या हजारो माणसांना काठावर उभे ठेवले, तिला 'केव्हापासून' असे विचारताच तिच्यापाशी सांगण्यासारखा दिवस नव्हता.

उलट, प्रतिवादींच्या बाजूला दिवसच दिवस होते. ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव, जानेवारी १९२४ चा ठराव, १९ व २० मार्च १९२७, ४ ऑगस्टची माघार, २५ डिसेंबर, आणि अखेर १७ मार्च १९३७: यांतील प्रत्येक दिवसाला वार आहे, हजर असलेल्या माणसांची नावे आहेत, कागद आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाचे नाव जुन्या दप्तरांत आले तर ते बहुधा वेठीच्या, वतनाच्या किंवा दंडाच्या नोंदीत; स्वतःच्या इच्छेने, स्वतः ठरविलेल्या दिवशी त्याने काही केले अशी नोंद दुर्मीळच. २० मार्चने ती मिळवून दिली. तारखेचे मोल येथे आहे: आरंभ नसलेल्या अन्यायाला आरंभ असलेली कृती समोर आणून उभी केली, की अन्यायालाही आपले वय सांगावे लागते.

ही दृष्टी आली म्हणजे आरंभी सांगितलेल्या यादीतील एक नाव मात्र पुन्हा उचलून पाहावेसे वाटते. १८५२ च्या २० मार्चला निघालेल्या त्या कादंबरीने अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लोकमत पेटविले. तेथील गुलामांच्या मुक्तीची वार्ता ऐकून पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. फुल्यांच्या सत्यशोधक समाजातील लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला. आणि अशाच एका रविवारी महाडचे तळे खुले झाले. बोस्टन आणि महाड यांच्या तारखा जुळल्या हा अपघात. त्यांच्यामधून चालत आलेली माणसांची ही साखळी हा इतिहास. तारीख वेगळी असती तरी साखळी तीच राहिली असती.

योगायोग प्रतिकूलही असतात, हे विसरू नये. २०१८ च्या २० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील तातडीच्या अटकेवर निर्बंध घालणारा निर्णय दिला. देशभर निषेध झाला, संसदेने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती केली, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेले होते. तारीख पवित्र झाली म्हणून ती त्या दिवशीच्या कारभाराला पवित्र करीत नाही.

आज या तालुक्यात वर्षातून तीनदा मोठी गर्दी लोटते. रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा ६ जूनला होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही होतो. तारखेचे आणि तिथीचे अभिमानी आपापला दिवस साजरा करतात, आणि गड दोघांनाही पुरतो. २० मार्चला चवदार तळ्यावर गावोगावचे लोक येतात. २५ डिसेंबर हा दिवस स्त्री-चळवळीतील अनेक जणी भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, कारण त्या रात्री जळालेल्या ग्रंथाने त्यांच्यावरही बंधने लादली होती. नगरपालिकेची गोष्टही १९२७ च्या माघारीवर थांबली नाही: १९४० च्या मार्चमध्ये आंबेडकर सत्याग्रहाच्या स्मृतिदिनासाठी महाडास आले, तेव्हा त्याच नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. १९२४ चा ठराव, १९२७ ची माघार आणि १९४० चे मानपत्र ही तिन्ही एकाच संस्थेच्या दप्तरातील पाने आहेत, आणि ती तारीखवार वाचली, की वहिवाट माणसे घालतात, माणसे मोडतात आणि मोडल्यावर तिच्या जागी दुसरी घालतात, याला वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही.